हरळी आणि गाजरगवत : यकृताच्या छोट्या कर्करोगाचं एक प्रकरण

ऊसतोड टोळीचे एक मुकादम माझ्या ओपीडीत आले ते हर्नियाचे कागद घेऊन. मे २०२२ ची गोष्ट. कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे गाळप हंगाम संपून, महिना झाला होता, टोळी गावी परतली होती, आणि पेरणीच्या आधी हर्नियाचं एकदाचं उरकून टाकावं म्हणून ते तालुक्याच्या सर्जनकडे गेले होते. ऑपरेशनआधीच्या रक्तात दोन गोष्टी खटकल्या. हिपॅटायटीस बी पॉझिटिव्ह, आणि प्लेटलेट एक लाख बारा हजार. सर्जननं हर्निया बाजूला ठेवला आणि लातूरला माझ्या नावानं चिठ्ठी दिली. त्या सर्जनचे मी मनोमन आभार मानतो. कमी प्लेटलेट पाहून 'डेंग्यू होऊन गेला असेल' म्हणत पुढं जाणं फार सोपं असतं.

वय ५४. गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात. दरवर्षी तीस-पस्तीस कोयते, म्हणजे तोडणी करणारी जोडपी, घेऊन दिवाळीनंतर कर्नाटकाच्या सीमेकडं जायचं, चैत्रापर्यंत परत यायचं. साखर नाही, बीपी नाही. दारू 'हिशेबाच्या दिवशी', तंबाखू रोज. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, वैद्यकीय आकडे तेच आहेत.)

हिपॅटायटीस बीला आपल्याकडं पांढरी कावीळ म्हणतात. डोळे पिवळे होत नाहीत म्हणून पांढरी. या नावानंच अर्धा घोटाळा केलाय, कारण कावीळ म्हटलं की ती 'उतरते' असं माणूस धरून चालतो. मुकादमांना पांढरी कावीळ असल्याचं पंधरा वर्षांपूर्वी कळलं होतं, शिवजयंतीच्या रक्तदान शिबिरात. रक्तपेढीचा निरोप आला, तुमचं रक्त चालत नाही. त्यांनी शेजारच्या गावात जाऊन काविळीची माळ घातली. माळ डोक्यावरून गळ्यात आली, गळ्यातून छातीवर, छातीवरून बेंबीपर्यंत. उतरली कावीळ. काड्या वाळतात, गाठी सैल पडतात आणि माळ लांबते. विषाणू मात्र जिथं होता तिथंच राहतो.

आईचं विचारलं. 'पोटात पाणी होऊन गेली,' म्हणाले. पाठीवरचे दोघे भाऊ धडधाकट, त्यांचं रक्त कधी तपासलेलं नाही. हा विषाणू बाळंतपणात आईकडून लेकराकडं येतो आणि तान्ह्या वयात शिरला की बहुधा जन्मभर मुक्काम करतो. आपल्या सार्वत्रिक लसीकरणात हिपॅटायटीस बीची लस देशभर आली ती २०११ मध्ये. मुकादमांची पिढी त्याच्या कितीतरी आधीची.

सोनोग्राफीत यकृताचा पृष्ठभाग खडबडीत, प्लीहा वाढलेली, आणि उजव्या भागात खालच्या कडेला एक गाठ. ट्रायफेजिक सीटीत ती २.४ सेंटिमीटरची निघाली. रंगद्रव्य रोहिणीतून येताना गाठ लखलखली आणि पुढच्या टप्प्यात आजूबाजूच्या यकृतापेक्षा काळवंडली. सिऱ्होसिस असलेल्या, म्हणजे वणांनी कडक झालेल्या, यकृतात असं चित्र दिसलं की हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, म्हणजे यकृतपेशींचाच कर्करोग, हे निदान सुई न टोचता करता येतं. एएफपी, म्हणजे या कर्करोगाची खूण देणारं रक्तातलं प्रथिन, ८६.

गाठ लहान, मग घोडं कुठं अडलं?

नातेवाइकांना आकडा आवडतो. अडीच सेंटिमीटरही नाही म्हटल्यावर मुकादमांच्या मेव्हण्यानं सुटकेचा श्वास सोडला. त्यात चूक काही नव्हती. गाठ लहान असणं ही मोठी गोष्ट आहेच. दोन सेंटिमीटरच्या आतली एकटी गाठ अगदी सुरुवातीच्या टप्प्यात धरतात, तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीला जाळून मारण्याचाही पर्याय असतो, आणि १९९६ मध्ये मिलानहून आलेल्या निकषांप्रमाणं पाच सेंटिमीटरपर्यंतची एकच गाठ असेल तर यकृत प्रत्यारोपणाचाही विचार होतो. शस्त्रक्रिया, जाळणं, प्रत्यारोपण: मुकादमांच्या गाठीला तिन्ही दारं उघडी होती. पण कोणत्या दारानं जायचं आणि पलीकडं किती वर्षं मिळणार, हे ठरवायला गाठीचा आकार फारसा कामाचा नव्हता. त्यासाठी बाकीचं यकृत पाहावं लागतं.

बिलिरुबिन ०.९, अल्बुमिन ३.६, आयएनआर १.१५, पोटात पाणी नाही, भ्रम नाही. यकृताचं काम जोखणाऱ्या चाइल्ड-पू मोजणीत पाच गुण, म्हणजे ए वर्ग, सगळ्यात चांगला. कागदावर इथंच गाडी पुढं निघते. मला मात्र प्लेटलेट आणि प्लीहा सतावत होत्या. एंडोस्कोपी केली तर अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला फुगलेल्या शिरा दिसल्या, बारीक, पहिल्या दर्जाच्या. याचा अर्थ पोर्टल शिरेतला, म्हणजे आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या शिरेतला, दाब वाढलेला आहे. यकृतशिरेत नळी घालून हा दाब मोजता येतो आणि १० च्या वर गेला की धोक्याचा मानतात. पण शिरा डोळ्यांना दिसल्या की मोजण्याची गरज उरत नाही.

बार्सिलोनाच्या गटानं १९९९ मध्ये दिलेले आकडे मी विद्यार्थ्यांना आजही सांगतो. सिऱ्होसिसमध्ये छोट्या गाठीची शस्त्रक्रिया झालेल्यांत, पोर्टल दाब वाढलेला नव्हता त्यांच्यातले ७४ टक्के पाच वर्षं जगले. दाब वाढलेला होता त्यांच्यातले ५० टक्के. दाबही वाढलेला आणि बिलिरुबिनही १ किंवा त्याहून जास्त, अशांतले २५ टक्के. कर्करोग सगळ्यांना सुरुवातीच्याच टप्प्यातला होता. ७४ आणि २५ यांतला फरक यकृतानं केला. आज शस्त्रक्रिया आणि भूल दोन्ही सुधारल्या आहेत, औषधं आहेत, त्यामुळं निकाल पूर्वीपेक्षा बरे लागतात. पण पायऱ्यांचा क्रम बदललेला नाही.

मुकादम मधल्या पायरीवर उभे होते.

दाब वाढलेला असेल तर पुस्तक शस्त्रक्रियेऐवजी प्रत्यारोपण किंवा सुईनं गाठ जाळणं सुचवतं. प्रत्यारोपणाची चर्चा पंधरा मिनिटांत संपली. भावांचं रक्त तपासलं तर दोघेही पॉझिटिव्ह, पत्नीचा रक्तगट जुळेना, मुलगा जेमतेम पंचावन्न किलोचा आणि नुकतं लग्न झालेला, आणि पैशाचा आकडा ऐकून सगळे भिंतीकडं बघायला लागले. जाळण्याचा पर्याय खरा होता. अडचण गाठीच्या जागेची होती. सहाव्या खंडात, यकृताच्या अगदी खालच्या काठावर, आणि तिला चिकटून मोठ्या आतड्याचं वळण. सुईच्या टोकाची उष्णता आतड्याच्या भिंतीला लागली तर भोक पडायला वेळ लागत नाही. उलट दुर्बिणीतून काढायला हीच जागा सगळ्यात सोयीची: कडेला, समोर, थोडंसंच यकृत घालवून निघणारी. ज्या मोठ्या शहरातल्या सर्जनकडं पाठवलं त्यांचंही मत तेच पडलं. जाण्याआधी टेनोफोव्हिर ही विषाणूविरोधी गोळी सुरू केली, कारण रक्तात विषाणूचा डीएनए १ लाख ४० हजार होता. दारू बंद. तंबाखू 'कमी करतो'.

टेबलावर

इथलं मी थोडक्यातच सांगतो, कारण माझ्या हातचं नाही. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात शस्त्रक्रिया झाली, महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून. दुर्बिणीतून सहावा खंड काढला. यकृताचे आठ खंड क्लोद क्विनो या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञानं १९५७ मध्ये मांडले. प्रत्येक खंडाला पोर्टल शिरेची स्वतःची फांदी असते, आणि गाठीतल्या पेशी त्याच फांदीतून आधी शेजारी सांडतात. त्यामुळं नुसती गाठ खरवडून काढण्यापेक्षा तिचा अख्खा वाफा काढणं बरं, ही खंडशः शस्त्रक्रियेमागची जपानी सर्जनांची विचारसरणी. पण सिऱ्होसिसमध्ये एकेक तोळा यकृत मोलाचं असतं. मागं किमान चाळीस टक्के उरावं असा दंडक आहे. सहावा खंड लहान असल्यानं दोन्ही साधलं. मोकळी कड १.१ सेंटिमीटर मिळाली. पोटातच सोनोग्राफी करून दुसरी गाठ नसल्याची खात्री केली. रक्तस्राव पाव लिटरच्या आसपास, रक्त चढवावं लागलं नाही. ज्यांना रक्त चढवावं लागतं त्यांचे पुढचे निकालही उतरतात, हे अनेक मालिकांत दिसलंय, म्हणून सर्जनला विचारायच्या प्रश्नांत माझा तो पहिला असतो.

तिसऱ्या दिवशी बिलिरुबिन २.१ वर गेलं आणि पोटात थोडं पाणी झालं. पोर्टल दाबाची ही किंमत. पाचव्या दिवसाची मला धाकधूक होती. त्या दिवशी बिलिरुबिन ३ च्या वर आणि रक्त गोठण्याची क्षमता निम्म्याखाली असेल तर यकृत हात टेकतंय असं समजतात. बिलिरुबिन १.६ आलं. आठव्या दिवशी मुकादम घरी.

काचपट्टीवरची एक ओळ

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट दहा दिवसांनी आला. गाठ २.३ सेंटिमीटर, मध्यम दर्जाची, कडा मोकळ्या, शेजारी पिल्लू-गाठी नाहीत, उरलेल्या यकृतात पक्का सिऱ्होसिस. आणि एक ओळ: सूक्ष्म रक्तवाहिन्यांत कर्करोगपेशी आढळल्या.

ही ओळ शस्त्रक्रियेआधी कळत नाही. सीटीत नाही, सोनोग्राफीत नाही. एएफपी बरंच वाढलेलं असेल, गाठीची कड वेडीवाकडी असेल तर संशय घेता येतो, एवढंच. गाठ जितकी मोठी तितकी ही शक्यता वाढते, पण लहान गाठीला त्यातून माफी नसते. छोट्या गाठीच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दोन वर्षांत जो आजार परततो, त्याचं सगळ्यात ठळक कारण ही ओळ असते.

मुकादमांना हे समजावून सांगताना माझी गाडी अडखळत होती. पेशी, शिरा, सूक्ष्मदर्शक. त्यांनी थोडं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सायेब, हरळीवानी हाय का गाजरगवतावानी?"

मला कळेना. मग त्यांनीच उलगडलं. हरळी उपटली तरी जमिनीत काशा, म्हणजे मुळांसारखी कांडं, राहतात. कांडंभर काशी राहिली तरी चार पावसांत तिथंच फुटते. गाजरगवताचं तसं नाही. ते मुळासकट निघतं, पण वावर पडीक असलं की वाऱ्यानं नवं बी येतं आणि कुठंही उगवतं.

वीस वर्षं मी हा विषय शिकवतोय, यापेक्षा नेमकं मला कधी मांडता आलेलं नाही. यकृताच्या कर्करोगाचं परतणं असंच दोन जातींचं असतं. दोन वर्षांच्या आत परतला तर बहुतेक वेळा तो जुन्याच गाठीचा असतो, काढण्याआधीच शिरांतून सांडलेल्या पेशींचा. त्याचं भवितव्य गाठीच्या स्वभावावर ठरतं: सूक्ष्म शिरांतला शिरकाव, पिल्लू-गाठी, एएफपी, पेशींचा दर्जा, काठाची मोकळीक. दोन वर्षांनंतर उगवतो तो पुष्कळदा अगदी नवा कर्करोग असतो, जिवंत विषाणू आणि जखमांच्या वणांनी भरलेल्या यकृतात रुजलेला. त्याचं भवितव्य वावरावर: डीएनए किती, सिऱ्होसिस किती, दारू, वजन, साखर. शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांत सुमारे ७० टक्के रुग्णांत आजार पुन्हा दिसतो. हा आकडा ऐकून लोक हबकतात, पण त्यात या दोन्ही जाती मिसळलेल्या आहेत आणि दोन्हींवरचा इलाज वेगळा आहे.

"तुमच्यात दोन्हींची भीती आहे," मी म्हणालो. "काशा राहिल्या असतील त्याला माझ्याकडं औषध नाही, फक्त नजर ठेवायची. वावर मात्र आपल्या हातात आहे."

औषध नाही हे मी जपून म्हणालो, पण खरं तेच आहे. परतणं रोखण्यासाठी सोराफेनिबच्या गोळ्या देऊन पाहिल्या, मोठ्या चाचणीत २०१५ मध्ये उपयोग दिसला नाही. अटेझोलिझुमॅब आणि बेव्हॅसिझुमॅब या जोडीनं २०२३ मध्ये आशा दाखवली, पण रुग्णांवर आणखी काळ लक्ष ठेवल्यावर तो फायदा टिकला नाही. वावराचं तसं नाही. हिपॅटायटीस बीमुळं झालेल्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर विषाणूविरोधी गोळी चालू ठेवली तर परतणंही कमी होतं आणि आयुष्यही वाढतं, याचे पुरावे भक्कम आहेत. गोळी दिवसाला एक. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती सरकारी रुग्णालयांत फुकट मिळते.

पाच आठवडे

पहिला हंगाम मुकादम गावीच राहिले, टोळी मधल्या भावानं नेली. दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी, सहा महिन्यांनी सीटी. एएफपी ६ वर आलं, डीएनए सापडेनासा झाला. पोर्टल दाबासाठी कार्व्हेडिलॉल चालू होतं. प्रत्येक तपासणीला ते एका प्लास्टिकच्या पिशवीत सगळ्या फिल्म गुंडाळून आणत, वर रबर, आत घामानं चिकटलेली मेडिकलची पावती.

२०२३ च्या दिवाळीनंतर ते स्वतः निघाले. उचल दिलेली होती, बसून चालणार नव्हतं. मी दोन महिन्यांच्या गोळ्या दिल्या आणि म्हणालो, 'संपल्या की या.'

ही चूक माझी. पाच महिने परमुलखात, फडाच्या कडेला पालात राहणाऱ्या माणसाला मी साठ गोळ्या दिल्या. जानेवारीत गोळ्या संपल्या. तिथल्या मेडिकलवाल्याकडं नव्हत्या, गावाकडून कुणी आणल्या नाहीत, आणि अंगाला काही होत नसल्यानं मुकादमांनीही धरलं की दोन-चार आठवडे निभावून जाईल. पाच आठवड्यांनी ते आले तेव्हा डोळे पहिल्यांदाच खरोखर पिवळे होते. यकृतपेशींची इजा दाखवणारं एएलटी ३४०, बिलिरुबिन २.४, डीएनए पुन्हा लाखांत. सिऱ्होसिसच्या यकृतात गोळी अशी तुटली की विषाणू उसळतो, आणि काही जणांत त्या उसळीतच यकृत कोसळतं. कर्करोगाचा त्यात संबंधही नसतो. शस्त्रक्रियेनंतर मरणाऱ्यांत सगळे कर्करोगानं मरतात असं समजू नका. कित्येकांना पोटातलं पाणी, रक्ताची उलटी, नाही तर गोळ्यांचा असा एखादा खाडा नेतो.

त्यांचं नशीब, सहा आठवड्यांत सावरले. त्यानंतर मी ऊसतोडीला जाणाऱ्या कुणालाही हंगामभराच्या गोळ्या एकदम देतो. आणि मुकादमांनी स्वतःची युक्ती काढली. त्यांच्याकडं टोळीची हजेरीवही असते, लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. तिच्यात कोयत्यांच्या नावांखाली त्यांनी आणखी एक मजूर लावून घेतला. नाव: लिव्हर. रोज सकाळी हजेरी घेताना त्याची गोळी घेऊन त्याच्यापुढं बरोबरची खूण. खाडा झाला तर गोल.

एकतिसावा महिना

जानेवारी २०२५ ची तपासणी भर हंगामात पडत होती. दोन वर्षं पार झाल्यावर सहा महिन्यांनी आलं तरी चालतं असं पुष्कळ जण मानतात. पॅथॉलॉजीतली ती ओळ आणि नंतरची उसळ लक्षात घेऊन मी चार महिन्यांवरच अडून बसलो होतो. मुकादम रात्रीच्या एसटीनं आले, कपड्यांना पाचटाचा वास तसाच.

आठव्या खंडात १.४ सेंटिमीटरची नवी गाठ. जुन्या जखमेपासून लांब, यकृताच्या वरच्या बाजूला. एएफपी ५, अगदी सामान्य; नुसत्या रक्तावर विसंबलो असतो तर हुकली असती. एमआरआयनं शिक्कामोर्तब केलं.

"काशी म्हणायची का बी?" त्यांनी विचारलं.

अडीच वर्षांवर गेलेला काळ, दुसरा खंड, जुन्या कडेला काही नाही. बी, मी म्हणालो. जनुकीय तपासणी केलेली नाही, तेव्हा शपथेवर सांगणार नाही. पण या चित्राला जगभर नवीच गाठ धरतात. त्या पाच आठवड्यांनी हे बी टाकलं का, असंही त्यांनी विचारलं. एवढ्या थोड्या काळावर बोट ठेवता येत नाही. पंचावन्न वर्षं विषाणू सोसलेलं यकृत आहे ते, आणि विषाणूचे तुकडे पेशींच्या जनुकांत कधीच शिरून बसलेले असतात. गोळी धोका कमी करते, पुसत नाही. पण हे बोलताना मी त्यांच्याकडं न पाहता कॉम्प्युटरकडं पाहत होतो, हेही नोंदवतो.

या वेळी आतड्याचा अडसर नव्हता. दोन सेंटिमीटरच्या आतल्या गाठीत जाळण्याचे निकाल शस्त्रक्रियेच्या तोडीचे असतात, आणि दाब वाढलेल्या यकृतावर पुन्हा सुरी चालवण्यापेक्षा तेच शहाणपणाचं. फेब्रुवारीत सुईनं गाठ जाळली, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. महिन्याभरानं सीटीत त्या जागी फक्त काळा खळगा. यकृत अजून चाइल्ड-पू ए मध्ये, सहा गुणांवर. इथंच मला गोळीचा खरा फायदा दिसतो: दुसरी गाठ आली तेव्हा तिच्यावर इलाज सोसण्याइतकं यकृत शिल्लक होतं. ते नसतं तर १.४ सेंटिमीटरच्या गाठीपुढंही आम्ही हात जोडून बसलो असतो.

शस्त्रक्रियेला आता तीन वर्षं चार महिने झाले. हर्निया अजून तसाच आहे. पोटावर पट्टा बांधतात आणि मोळी उचलायची नाही एवढं पाळतात. तंबाखू 'कमी' होऊन दिवसाला दोन चिमटींवर आहे. मधल्या भावाचं यकृत कडक निघालं, त्यालाही टेनोफोव्हिर चालू आहे आणि सहा महिन्यांनी सोनोग्राफी. धाकट्याला अजून औषधाची गरज नाही, पण तपासणी आहे. मुलगा निगेटिव्ह, लसीचे तिन्ही डोस झाले.

गेल्या आठवड्यात मुकादम हंगामाला निघायच्या आधी येऊन गेले. १८० गोळ्या मोजून घेतल्या, जानेवारीची तारीख लिहून घेतली आणि मी मागितली म्हणून हजेरीवही पुढं केली. लिव्हरच्या ओळीत ऑगस्टात एक गोल होता, बैलपोळ्याच्या आसपासचा. त्याखाली आणखी एक ओळ नव्यानं आखलेली. नाव: लिव्हर, मधला.

"त्याला मोजता येत नाही का?" मी विचारलं.

"येतंय की," ते वही पिशवीत घालत म्हणाले, "पर हजेरी मुकादमानंच घ्याची असती."